कार्पेट फी, सुपर बिल्ट-अप फी

(एका बहुभाषिक आंतरराष्ट्रीय शाळेच्या संचालकांना अनावृत पत्र)

मा. संचालक महोदय,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व. आपल्या माहितीपुस्तकाच्या चौथ्या पानावर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या पाच भाषांची नावे आहेत आणि शेवटून पहिले नाव मराठीचे आहे. तेवढ्या आधारावर हे धाडस करते.

माझी ओळख आपल्याला नसेल. कॅम्पस टूरच्या शनिवारी मागच्या रांगेत बसून चष्मा पुसणारी जी आजी होती, ती मी. राष्ट्रीयीकृत बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले. मुलगी आणि जावई हिंजवडीत नोकरीला आहेत, नातीला यंदा पहिलीत घालायचे आहे आणि समोर आलेली फुकटची कॉफी मला नाकारता येत नाही. एवढीच माझी पात्रता.

आपले भाषण उत्तम झाले. 'ग्लोबल सिटिझन' हा शब्द आपण इतक्या मायेने उच्चारलात की शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. दहा-बारा वर्षांपूर्वी जिथे ऊस उभा होता, तिथे आपण जिनिव्हा आणून ठेवलेत म्हणे. ही उपमा आपलीच, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. जिनिव्हात 1924 साली खरोखरच एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. राष्ट्रसंघात आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत देशोदेशीचे लोक नोकरीला आले, त्यांच्या मुलांची सोय हवी होती; इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत ती चालली. पुढे 1968 साली त्याच शहरात आयबी ही संस्था स्थापन झाली, जिचे नाव आपण भाषणात वारंवार घेतलेत. लक्झेंबर्गमध्ये 1953 साली पहिली 'युरोपियन स्कूल' निघाली, तीही अशीच सरकारी कामासाठी आलेल्या निरनिराळ्या देशांच्या माणसांच्या मुलांसाठी. तिथल्या व्यवस्थेत मुलाची मातृभाषा ही पहिली भाषा, पायाच तो. दुसरी आणि तिसरी भाषा त्यावर चढवायची. आपण मजले चढवलेत, महोदय. पाया तेवढा राहिला.

म्हणजे नेमके काय राहिले, तेही सांगते. कोणत्या भाषेला आठवड्याला किती वेळ, असे मी विचारले, तेव्हा 'आमचा अप्रोच इमर्सिव्ह आहे' असे उत्तर मिळाले. भिंतीवरचे वेळापत्रक मात्र तेवढे इमर्सिव्ह नव्हते, सरळ होते. फ्रेंच, 40 मिनिटांचे दोन तास. मराठी, 40 मिनिटांचा एक तास, शुक्रवारी शेवटचा. वर्गात मुले 24. फ्रेंचच्या बाईंनी स्वतः तोंड न उघडता सगळा वेळ मुलांना वाटून दिला, तरी एकेका मुलाच्या वाट्याला आठवड्याला 3 मिनिटे 20 सेकंद येतात. मराठीत त्याच्या निम्मे. शुक्रवारचा शेवटचा तास गॅदरिंगच्या तालमीला जातो हे मी ओघाने धरते. आम्हीही शाळेत होतो.

पुण्यात फ्रेंच शिकायला कोणी अडलेले नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, अलियाँस फ्राँसेज आहे. जर्मन हवी तर मॅक्सम्युलर भवन आहे. तिथे भाषा शिकवतात आणि किती आली याची परीक्षाही घेतात. आपल्याकडे फ्रेंचची परीक्षा नाही, 'एक्स्पोजर' आहे.

मराठीची गोष्ट वेगळी, कारण तिच्यासाठी कायदा आहे. 2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले आणि मोडणाऱ्या व्यवस्थापनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. एक लाख म्हणजे आपल्याकडे एका मुलाची अनामत रक्कम, त्यामुळे आपली झोप उडाली नसावी. बाकी 27 फेब्रुवारीला आपल्या शाळेत मुली नऊवारीत आणि मुले फेट्यात असतात, लेझीम होते, ड्रोनने चित्रण होते. ते मी पाहिले आहे, फारच सुंदर. त्याच चित्रफितीत मागच्या भिंतीवर 'कृपया आवारात इंग्रजीतच बोला' अशी पाटी दिसते, तेवढी पुढच्या वर्षी झाकून घ्या.

आवारात खरी बहुभाषिक माणसे मला तीन भेटली. फाटकावरचे काका माझ्याशी मराठीत, पाण्याच्या टँकरवाल्याशी हिंदीत आणि मोबाइलवर भोजपुरीत बोलत होते. बसवरच्या मावशी सोलापूरच्या. कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही सारख्याच ठसक्यात. रडणाऱ्या एका पोराला त्यांनी ज्या भाषेत गप्प केले, ती माहितीपुस्तकात नाही. तिसरी आमची नात.

जावई धारवाडचे. त्यामुळे नात माझ्याशी मराठी, धारवाडच्या अज्जीशी कन्नड, सोसायटीतल्या पोरांशी हिंदी आणि बालवाडीच्या टीचरशी इंग्रजी बोलते. आजवर त्यासाठी कोणी पावती फाडली नव्हती. आपल्याकडे तिचे 'इंटरॅक्शन' झाले. बाजाराचे चित्र दाखवून तिला इंग्रजीत विचारले, काय दिसते? ती म्हणाली, 'धिस आजी इज सेलिंग कोथिंबीर अँड दॅट अंकल इज डुइंग घासाघीस.' मला अभिमान वाटला. घासाघीस तिला कळते, हे तर पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने फारच चांगले. आपल्या बाईंनी कागदावर लिहिले: भाषांची सरमिसळ करते, भाषिक साहाय्याची गरज भासू शकते. भाषिक साहाय्याचे शुल्क वेगळे, वर्षाला 45,000 रुपये, हे त्याच कागदाच्या तळाशी होते. चार भाषा घेऊन आलेल्या पोरीला बहुभाषिक शाळेत शिरायला दंड! आमच्या बँकेत नाणी मोजून द्यायला पैसे लावत, तेव्हा लोक शिव्या देत. आपल्याकडे लोक 'थँक यू' म्हणतात.

मग पालकांचे इंटरॅक्शन. घर स्वतःचे की भाड्याचे, शनिवार-रविवार कसा घालवता, मुलीच्या करिअरची पुढची दिशा काय (नातीच्या नव्हे, माझ्या मुलीच्या). शिक्षण हक्क कायद्याचे 13वे कलम प्रवेशाच्या वेळी मुलाला किंवा पालकांना चाळणी लावायला मनाई करते. पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. आपली ती चाळणी नव्हे, संवाद, हे मला दोनदा समजावून सांगण्यात आले. संवादानंतर काहींना 'रिग्रेट'ची मेल येते, एवढाच काय तो फरक.

आता मंडळाबद्दल. भाषणात आयबी, फलकावर 'आयबी-प्रेरित', अर्जावर 'पाचवीपर्यंत केंब्रिज, पुढे आयबी प्रस्तावित'. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आहेच. नाव काय, कोणीही कोणालाही ठेवावे. पण आयबीची मान्यताप्राप्त शाळा कोणती आणि नुसती उमेदवार शाळा कोणती, हे आयबीच्याच संकेतस्थळावर नावानिशी पाहता येते आणि उमेदवाराला मान्यता मिळेलच याची हमी ती संस्था देत नाही. आपले नाव मी दोन्ही प्रकारांत शोधले. प्रेरितांचा तिसरा प्रकार तिथे नाही. भारतात पहिली आयबी शाळा कोडाईकनालला 1976 साली झाली, तेव्हापासून आजवर प्रेरणेवर कोणाला डिप्लोमा मिळालेला नाही.

आणखी एक. मान्यता हवी तर शाळेला लेखी भाषा धोरण ठेवावे लागते. कोणती भाषा कशी शिकवणार आणि मुलांच्या घरच्या भाषेला आधार कसा देणार, हे त्यात असावे लागते. डिप्लोमाच्या वर्षांत दोन भाषांचे साहित्य शिकून द्विभाषिक डिप्लोमाही घेता येतो; म्हणजे बहुभाषिकतेचे वजन करायला त्यांच्याकडे काटा आहे. मी आपल्या काउंटरवर भाषा धोरणाची प्रत मागितली. मला कापडी पिशवी मिळाली, वर पाच भाषांत 'नमस्कार' छापलेली. पिशवी चांगली आहे. भाजीला नेते.

येथवर सगळे सोसले असते. पण आपण मला फी-पत्रक दाखवलेत आणि माझी जुनी नोकरी जागी झाली.

दाखवलेत म्हणजे पडद्यावर, मिनिटभर. एका वडिलांनी मोबाइल उचलला तर 'फोटो नको, कॉन्फिडेन्शियल आहे' म्हणून थांबवले. मी कॉफीच्या कागदी रुमालावर आकडे उतरवून घेतले. तीस वर्षे शाखांच्या वह्या तपासल्यावर एवढे जमते. आपला मूळ व्यवसाय गृहबांधणीचा, असे माहितीपुस्तकातच अभिमानाने लिहिले आहे, त्यामुळे उलगडा सोपा झाला. फोनवर विचारले की सांगतात ती ट्यूशन फी, 4,00,000. ती कार्पेट. पडद्यावर तिच्याखाली आले: प्रवेश शुल्क 75,000, अनामत 1,00,000, लर्निंग रिसोर्स 35,000, टेक्नॉलॉजी 20,000, जेवण 48,000, बस 62,000. अर्जाचे 5,000 आम्ही आधीच दिले होते. पहिल्या वर्षाची बेरीज 7,45,000. ही सुपर बिल्ट-अप. गणवेश, सहल, भाषिक साहाय्य, पुढे दहावी-बारावीच्या परीक्षांची फी हे सगळे 'प्रत्यक्ष खर्चानुसार', म्हणजे पार्किंग वेगळे. रेरा आल्यावर फ्लॅट आपल्याला कार्पेटवर विकावे लागले, त्याचे दुःख मी समजू शकते. शाळेत आपल्याला जुने दिवस परत मिळाले.

आता वाढ. 'नॉमिनल असते, आठ ते दहा टक्के,' असे आपल्या काउन्सेलर ताई हसत म्हणाल्या. दरवर्षी भरायच्या रकमा तेवढ्या धरल्या तर 5,65,000 होतात. हॉलमधल्या बहुतेकांनी मनात बाराने गुणले असणार: 67 लाख 80 हजार. छातीत धस्स झाले तरी ईएमआयवाल्या पिढीला तो आकडा पेलवतो. पण नॉमिनल दहा टक्के दरसाल चढले की बारावीच्या वर्षीची फी 16 लाख 12 हजार होते आणि बारा वर्षांची बेरीज 1 कोटी 21 लाखांच्या घरात जाते. आठ टक्के धरा, तरी 1 कोटी 7 लाख. यात अनामत नाही, प्रवेश शुल्क नाही, एकही सहल नाही. हे गणित पाचवीच्या मुलाला कॅल्क्युलेटर दिला तर येते, पण आपल्याकडे पाचवीत बहुधा प्रेरणा चालू असते.

प्राप्तिकराचे दिलासे कोणी मनात धरू नयेत म्हणून तेही सांगते. वजावट जुन्या करपद्धतीतच, फक्त ट्यूशन फीला, दोन मुलांपर्यंत, तीही विमा-पीएफसकट एकूण दीड लाखांच्या मर्यादेत. विकास निधी, बस, जेवण त्यात बसत नाही. म्हणजे कार्पेटलासुद्धा पूर्ण सूट नाही.

अनामतीवर मात्र मी मनापासून फिदा आहे. एक लाख रुपये, बिनव्याजी, मूल शाळा सोडेपर्यंत. बारा वर्षे सात टक्क्यांनी ठेवले असते तर पालकाच्या हाती सव्वादोन लाख आले असते. परत मिळतात ते एक लाख. तेही तीन महिन्यांची लेखी पूर्वसूचना, मूळ पावती आणि 'नो ड्यूज' असेल तर. बारा वर्षांपूर्वीची मूळ पावती! आपल्याकडे हजार मुले आहेत असे आपण सांगितलेत, म्हणजे दहा कोटींची बिनव्याजी ठेव. साध्या सात टक्क्यांनी वर्षाला 70 लाख उत्पन्न. अशी ठेव आणायला आम्ही शाखाधिकाऱ्यांना दिवाळीत मिठाईचे डबे घेऊन फिरवत असू, आणि आपल्याकडे ठेवीदार स्वतः रांगेत उभे राहतात, वर मुलाखत देतात.

हे सगळे कोणी मंजूर केले, असे मी विचारले तेव्हा ताईंनी पहिल्यांदा हसणे थांबवले. महाराष्ट्रात 2011चा शुल्क विनियमन कायदा आहे, डिसेंबर 2014पासून लागू. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे. तिच्यावर जायला तयार असलेल्या पालकांतून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडायची. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा. जमले नाही तर विभागीय शुल्क नियामक समिती. पुढे दुरुस्तीने पालकांच्या तक्रारीसाठी 25 टक्के पालक एकत्र यावेत अशी अट घातली गेली; ती अट कोणाच्या सोयीची, हे सांगायला तपासनीस लागत नाही. हजारांच्या शाळेत अडीचशे कुटुंबांनी आपापल्या मुलाच्या निकालाची काळजी बाजूला ठेवून सही करायची.

आपल्या समितीवर कोण पालक आहेत? ताई म्हणाल्या, 'आमच्याकडे पेरेंट अ‍ॅम्बॅसेडर्स आहेत.' चिठ्ठ्यांतून निघालेले? नाही, शाळेने निमंत्रित केलेले. त्यातले एक जण त्या शनिवारी आम्हाला ग्रंथालय दाखवत होते. फार गोड माणूस. फीचा विषय निघाल्यावर त्यांनी आम्हाला तरणतलाव दाखवला.

त्याच कायद्यात आपल्या आवडीची एक तरतूद आहे आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. मंजूर झालेल्या फीचा तपशील शाळेने सूचना फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायचा; संकेतस्थळ असेल तर तिथेही टाकायचा. पाहा, कायदासुद्धा किती बहुभाषिक! आपल्या फलकावर मला पाच भाषांतले सुविचार दिसले, वाढदिवस असलेल्या मुलांची नावे दिसली, योगदिनाचे फोटो दिसले. फी एकाही भाषेत दिसली नाही. ज्या एकाच ठिकाणी बहुभाषिक व्हायला एक पैसा पडत नाही, नेमके तिथे आपण मौनव्रत धरलेत.

आपल्यावर माझा व्यक्तिगत राग नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे, हे मला कळते. मुलाची घरची भाषा सुटली तरी चालेल पण उच्चार परदेशी हवेत, अशी मागणी आमच्याच घरांतून येते आणि आपण पुरवठा करता. पण पुरवठादाराने मापात पाप करू नये, एवढे तरी बँकेतून आलेली बाई म्हणणारच.

नातीच्या नावावर आम्ही प्रवेश घेतलेला नाही. अर्जाचे 5,000 परत मिळणार नाहीत हे माहीत आहे. त्यांची पावती मात्र मिळालेली नाही, ती कृपया पाठवावी. कोणत्याही भाषेत चालेल.

कळावे, लोभ असावा. अनामत नसावी.

आपली,
मागच्या रांगेतली आजी

ता. क. वाचणाऱ्या पालकांसाठी: प्रवेशाचा हंगाम आला आहे. टूरला जा, कॉफी प्या, पण चेक देण्याआधी शाळेला एक मेल पाठवा. गेल्या तीन वर्षांत फी किती वाढली आणि यंदाची कार्यकारी समितीने मंजूर केल्याचा कागद कुठे आहे, अनामत कोणत्या अटींवर किती दिवसांत परत मिळते, प्रत्येक भाषेला आठवड्याला किती मिनिटे आणि ती शिकवणारी बाई कायम नोकरीत आहे का, एवढेच विचारा. मंडळाची मान्यता शाळेला विचारू नका, मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. उत्तर लेखी मागा. फोन आला तर नम्रपणे म्हणा, मेलच करा.